आयटी सोडायचा सल्ला विकत घ्यावा का? मुंबईतल्या करिअर-बदल समुपदेशनाचं परीक्षण

दादर, ठाणे, अंधेरी, वाशीतल्या छोट्या ऑफिसांतून आणि झूमवरून हल्ली एक सेवा जोरात विकली जाते. आयटीत दहा-पंधरा वर्षं काढून वैतागलेल्या माणसाला 'सोडू की राहू' हे ठरवायला मदत करणं. नावं वेगवेगळी असली तरी साचा बहुतेक एकच: आधी लांबलचक फॉर्म, मग ऑनलाइन चाचणी, मग तासा-तासाची तीन-चार सत्रं आणि शेवटी रंगीत आलेखांचा जाडजूड पीडीएफ अहवाल. सोबत बायोडेटा नव्यानं लिहून देणं आणि लिंक्डइन प्रोफाइल चकाचक करणं. बिल सहज पाच आकडी होतं, आणि सल्लागाराची जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के वेगळे. हे परीक्षण कुठल्या एका संस्थेचं नाही, या साच्याचं आहे.

निकाल आधीच देऊन टाकू. पूर्ण पॅकेज घेऊ नका. सुटं सत्र मिळत असेल आणि त्या तासात सल्लागार तुमची सॅलरी स्लिप, घराचा महिन्याचा खर्च आणि दोन आठवड्यांची कामाची नोंद उघडून बसायला तयार असेल, तर त्या एका सत्राचे पैसे वसूल होतात. बाकीचं बरंचसं फुकट मिळतं किंवा नको असतं.

आधी चाचणीबद्दल, कारण पॅकेजची किंमत तिच्याच जोरावर सांगितली जाते. बहुतेक ठिकाणी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंडच्या सहा आवड-गटांवर बेतलेली प्रश्नावली असते. काही जण एमबीटीआय (स्वभावाला चार अक्षरांचा शिक्का देणारी चाचणी) लावतात, काही डिस्क ही दुसरी स्वभाव-चाचणी. हॉलंडचा सिद्धांत १९५९चा, बऱ्यापैकी टिकलेला. पण त्यावरची प्रश्नावली अमेरिकेच्या श्रम खात्याच्या ओ-नेट संकेतस्थळावर फुकट आहे. साठ प्रश्न, एका बैठकीत होते. तिथले व्यवसाय आणि पगार अमेरिकेतले, तेवढं सोडून द्यायचं; कल कळायला ती पुरते. एमबीटीआयची अडचण अशी की काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं. अशा निकालावर कुणी नोकरी सोडू नये. टीमच्या पिकनिकला खेळ म्हणून ठीक आहे.

खरी गोम पुढे आहे. थकलेल्या माणसानं भरलेली आवड-चाचणी सपाट येते. 'तुम्हाला हे करायला आवडेल का' असं विचारलं की महिनोन्‌महिने झोप न झालेला माणूस सगळ्यालाच 'नाही' म्हणतो, आणि सहाही गटांत गुण कमी पडतात. जाणकार समुपदेशक असा आलेख बघून तिथेच थांबतो आणि झोप, भूक, शनिवार-रविवार यांबद्दल विचारतो. कच्चा समुपदेशक त्यातल्या त्यात उंच दांडी धरतो. 'कलात्मक'ला इतरांपेक्षा दोन गुण जास्त दिसले की झालं, तुम्ही इंटिरियर डिझायनर व्हा. आणखी एक फसगत अभिक्षमता (अंगच्या क्षमता मोजणाऱ्या) चाचण्यांत होते. इथे वापरल्या जाणाऱ्या अनेक चाचण्या दहावी-बारावीच्या मुलांसाठी बनलेल्या आहेत, त्यांचे नॉर्म्सही (ज्यांच्याशी तुमची तुलना होते ते गुण) त्याच वयाचे. अडतीस वर्षांच्या डेटाबेस अ‍ॅडमिनला 'संख्यात्मक क्षमता उत्कृष्ट' असा शेरा मिळतो तो अकरावीच्या मुलांच्या तुलनेत. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: नॉर्म्स कोणत्या वयोगटाचे? उत्तर गुळमुळीत आलं तर चाचणी वगळून भाव सांगायला सांगा.

चाचणीपेक्षा कितीतरी उपयोगी गोष्ट म्हणजे कामाची नोंद. तिला लागते एक वही. दोन आठवडे, रोज, काम संपल्या संपल्या: कोणतं काम, किती वाजता, कोणाबरोबर, आणि शून्य ते दहामध्ये थकवा किती. शेजारी झोपेचे तास. दोन आठवड्यांत एखादं रिलीज किंवा मंथ-एंड यायला हवं, नाहीतर नोंद खोटी शांत येते. अप्रेझलचा आठवडा मात्र टाळा, त्या दिवसांत सगळंच काळं दिसतं. सगळ्यात जास्त चूक होते ती रविवारी बसून आठवडाभराची नोंद एकदम भरण्यात. मग फक्त शुक्रवारची कटकट आठवते.

ही नोंद वाचली की ताण कुठून येतो ते वेगवेगळं दिसायला लागतं. कुणाचा ताण घड्याळाचा असतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबर ते मार्च साडेसात. क्लायंटची पहिली मीटिंगच तेव्हा सुरू होते, आणि घरातलं जेवण ताटकळतं. कुणाचा ताण ऑन-कॉलचा, रात्री तीनला वाजणाऱ्या अलर्टचा. कुणाचा एका विशिष्ट मॅनेजरचा किंवा डोक्यावर टांगलेल्या पीआयपीचा (कामगिरी सुधारायची लेखी मुदत). कुणाचा निव्वळ प्रवासाचा. अंबरनाथहून ऐरोलीच्या माइंडस्पेस या ऑफिस-संकुलाला जायचं तर ठाण्याला ट्रान्स-हार्बर गाडी धरायची. तेच मालाडच्या माइंडस्पेसला जायचं तर दादरला जिने चढून वेस्टर्नच्या गर्दीत घुसायचं. नाव एकच, दिवस वेगळा. कुणाला आपलं कौशल्य शिळं होतंय ही भीती. आणि काहींना खरोखरच ते कामच नको झालेलं असतं: कोड उघडला की मळमळतं, मग प्रोजेक्ट कोणताही असो.

या सगळ्यांत क्षेत्र सोडणं हे औषध फक्त शेवटच्याला लागू आहे. घड्याळ, ऑन-कॉल, मॅनेजर आणि प्रवास यांवर प्रोजेक्ट, टीम किंवा कंपनी बदलणं हा स्वस्त इलाज. सर्व्हिस कंपनीतला सपोर्ट सोडून भारतातल्याच ग्राहकासाठी काम करणारी टीम धरली तरी संध्याकाळ परत मिळते. शिळेपणाच्या भीतीला अभ्यास आणि अंतर्गत बदली पुरते. पॅकेजवाले समुपदेशक या फाटाफोडीत फारसे शिरत नाहीत. 'तुम्ही याच क्षेत्रात राहा, फक्त टीम बदला' असा निष्कर्ष पहिल्याच सत्रात निघाला तर उरलेली तीन सत्रं विकायची कशी?

इथेच आणखी एक गोष्ट तपासा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत बर्नआउटची व्याख्या दिली, ती आजार म्हणून दिलेली नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून दिली आहे. तिच्या तीन खुणा: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पण नैराश्य आणि बर्नआउट बाहेरून सारखेच दिसू शकतात. सुट्टीतही काहीच आवडत नसेल, पहाटे जाग येऊन परत झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर करिअर समुपदेशकाकडे जायची ही वेळ नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञ. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक-आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून चालू आहे, मराठीतही बोलता येतं. स्वतःला करिअर कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही; क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर नक्की काय लिहिलंय ते वाचा, फ्रेम बघू नका.

आता आकडे. या सेवेची सगळ्यात लंगडी बाजू हीच, आणि निर्णय ठरतो तोही इथेच.

समजा डोंबिवलीतलं एक घर. आयटीतला पगार हातात १,३०,००० रुपये, जोडीदाराचा ४५,०००. खर्च असा: घराचा हप्ता ४६,०००, सोसायटी ४,५००, शाळेची फी महिन्यावर वाटून ९,०००, किराणा-भाजी-दूध-घरकाम २२,०००, वीज-गॅस-मोबाइल-नेट ६,०००, प्रवास ५,०००, आईवडिलांची औषधं ७,०००, विमे ५,५००. बेरीज १,०५,०००. आयटीचा पगार थांबला की दर महिन्याला ६०,००० कमी पडणार. नव्या क्षेत्रासाठी दोन वर्षांचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तर १४,४०,००० रुपये हाताशी हवेत, फी वेगळी. बहुतेक सल्लागार 'सहा महिन्यांचा राखीव निधी ठेवा' म्हणतात. इथे सहा महिन्यांचा निधी ३,६०,००० होतो. पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत तोही संपतो.

त्याहून महत्त्वाचं पुढचं. दोन वर्षांनी नव्या कामाचा पगार ४०,००० मिळाला असं धरा. तरीही दर महिन्याला २०,००० कमीच पडतात, आणि हे कायमचं आहे. पहिला खड्डा भरता येतो, ही गळती भरत नाही. ती बंद करायची तर हप्ता खाली आणावा लागतो: गृहकर्जाची काही रक्कम आधीच फेडून हप्ता कमी करून घेणं, किंवा घर लहान करणं. म्हणून सोडायच्या आधीची दोन वर्षं बोनस एसआयपीत टाकायचा की कर्जात, हा प्रश्न 'मला काय आवडतं'पेक्षा आधी सुटायला हवा. शिवाय हातातल्या पगारात न दिसणारं नुकसान आहेच. ५५,००० रुपये मूळ पगार असेल आणि पूर्ण मूळ पगारावर पीएफ कापला जात असेल, तर तुमचे ६,६०० आणि कंपनीचे ६,६०० असे महिन्याला १३,२०० रुपये जमा व्हायचे थांबतात.

ग्रॅच्युइटीचं गणित सोपं आहे, तरी दर वेळी कुणीतरी चुकतं. शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले सेवेची वर्षं. वर सहा महिन्यांहून जास्त झाले तर पूर्ण वर्ष धरतात. ५५,०००च्या मूळ पगारावर ७ वर्षं ८ महिने झाले तर ८ वर्षं धरून सुमारे २,५३,८०० रुपये. ७ वर्षं ५ महिन्यांनी बाहेर पडलात तर ७ धरून सुमारे २,२२,१००. तीन महिने घाई केली की एकतीस हजारांहून जास्त गेले. कायम नोकरदाराला पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात. 'चार वर्षं २४० दिवस चालतात' हे न्यायालयाच्या निकालांच्या आधारानं सांगितलं जातं, पण सगळ्या कंपन्या ते मानत नाहीत. भांडायची तयारी नसेल तर पाच पूर्ण करा. नोव्हेंबर २०२५पासून श्रमसंहिता लागू झाल्यात आणि त्यांत वेतनाची व्याख्या बदललीय, तेव्हा हिशेब कोणत्या रकमेवर होणार ते एचआरकडून ईमेलवर घ्या. तोंडी नको.

पीएफ काढायची घाई करू नका. सलग पाच वर्षं सेवा नसताना काढला तर करपात्र होतो, आणि नोकरी सुटल्यानंतर त्यावर जमणारं व्याजही करपात्र असतं. ऑक्टोबर २०२५मध्ये पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या विश्वस्त मंडळानं निर्णय घेतला की बेरोजगार सभासदाला ७५ टक्के लगेच काढता येतील आणि पूर्ण रकमेसाठी दोनऐवजी बारा महिने थांबावं लागेल. म्हणजे 'सगळा पीएफ काढून दुकान टाकू' हा बेत आता वर्षभर लांबतो. पीएफसोबतच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. नऊवर उभे असाल तर थोडी कळ काढा.

आरोग्य विमा हा सगळ्यात दुखरा भाग. कंपनीचा ग्रुप विमा बहुधा शेवटच्या दिवशीच संपतो, आणि त्यात असलेले आईवडीलही उघड्यावर पडतात. वैयक्तिक पॉलिसी राजीनाम्याच्या बरीच आधी सुरू करा. सुरुवातीचे तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का, आणि भरलेला प्रतीक्षाकाळ मोजला जातो का, हे ग्रुप कव्हर चालू असतानाच विचारायचं. नंतर फोन उचलायलाही कुणी नसतं. सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा. गृहकर्जाचा टॉप-अप किंवा बँक बदलणं जे काही असेल ते सॅलरी स्लिप असतानाच उरकावं. स्वतःचा धंदा सुरू केलात की बँक आधी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते.

अहवालात सुचवले जाणारे पर्याय ठरलेले असतात: शिकवणं, कॅफे, कोकणात होमस्टे, समुपदेशक होणं. यांतला प्रत्येक 'कमी ताणाचा' म्हणून सुचवला जातो, आणि वाट कशी आहे ते बहुधा लिहिलेलं नसतं.

शिकवायचं तर कुठे, हे आधी ठरवा. शाळेसाठी बीएड दोन वर्षांचं, त्याआधी राज्याची सीईटी, आणि अनुदानित शाळेत शिरायचं तर टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक-भरतीचं पवित्र पोर्टल. वर निवडणूक आणि जनगणनेची कामं. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला बीई आणि एमई दोन्ही लागतात. नुसत्या बीईवर पंधरा वर्षांचा अनुभव असला तरी नियमात बसत नाही. मग 'तासिका तत्त्वावर या' अशी ऑफर येते. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत शून्य, आणि बिल निघायला उशीर ही तिथली कायमची रड. ज्यांच्या घरी दुसरा स्थिर पगार आहे त्यांनी एक सेमिस्टर तासिकेवर शिकवून बघावं, नोकरी न सोडता शनिवारी जमलं तर उत्तमच.

कोकणातल्या शेतीचं स्वप्न बघणाऱ्यांनी आधी घरात सातबारा आहे का ते शोधावं. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला साधारणपणे शेतकरी असावं लागतं. १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ त्याआड येतं. शेतकरी दाखला नसेल तर बिनशेती प्लॉट बघायचा, आणि त्याचा भाव वेगळा असतो. हे एक वाक्य अहवालात असतं तर कित्येकांचे टोकन परत मागायचे फोन वाचले असते. कॅफेबद्दल इतकंच की भाडं आणि डिपॉझिट पहिल्या दिवसापासून सुरू होतं, गिऱ्हाईक नाही. समुपदेशक व्हायचं तर मानसशास्त्रात एमए, आणि क्लिनिकलसाठी त्याहून पुढे. सरकारी बँकेतला आयटी अधिकारी हा पर्याय बरेच जण उशिरा शोधतात: बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या त्या पदाला खुल्या गटात वयोमर्यादा तीस आहे.

'पर्याय' म्हणून एखाद्या विशिष्ट संस्थेचा यूएक्स किंवा डेटा सायन्सचा महागडा कोर्स पुढे आला, तर सरळ विचारा की यावर तुम्हाला कमिशन आहे का. कोर्सच्या फीचे 'सोपे हप्ते' म्हणजे बहुधा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही, आणि चुकला तर सिबिल बिघडतो.

राजीनाम्याच्या कागदांबद्दल चांगला सल्लागार न विचारता सांगतो. व्हेरिएबल पे मिळण्याच्या तारखेला कंपनीत असणं गरजेचं आहे का, जॉइनिंग बोनस परत करावा लागतो का, नोटीस तीन महिन्यांची असेल तर बायआउट (पैसे भरून आधी सुटणं) मूळ पगारावर की पूर्ण पगारावर. हे सगळं ऑफर लेटरमध्ये असतं, आणि ते लेटर बहुतेकांना सापडत नाही. ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा हक्क) असतील तर व्हेस्ट झालेले, म्हणजे हक्क पक्का झालेले, वापरायला बाहेर पडल्यावर अनेकदा नव्वद दिवसच मिळतात, आणि वापरताना कर भरायला रोख लागते. यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) आधार, पॅन आणि बँक खातं जुळतंय ना, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे लॅपटॉप परत करण्याआधी बघा. 'कुलकर्णी'च्या इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षरानं दावे अडकतात. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकली नाही तर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः टाकता येते.

मग ही सेवा घ्यावी कुणी? ज्यांची नोंद सांगते की कामच नको झालंय, ज्यांचे आकडे निदान अर्धे जुळतात, आणि ज्यांना दोन-तीन पर्यायांत निवड करायला तिऱ्हाईत माणूस हवाय, त्यांना चांगल्या समुपदेशकाचा उपयोग होतो. घरच्यांशी बोलणं अडलेलं असेल तर जोडीदारासकट घेतलेलं एक सत्र बाकी साऱ्यापेक्षा जास्त काम करतं. काही जण त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत, विचारून बघा. ज्यांचा प्रश्न निव्वळ पैशांचा आहे त्यांनी सेबीकडे नोंदणी असलेला, फक्त फी घेणारा गुंतवणूक सल्लागार गाठावा. विमा विकणारा ओळखीचा काका नको. ज्यांना मॅनेजर नकोय त्यांनी बायोडेटा अद्ययावत करावा, तो स्वतः लिहिता येतो.

पैसे भरताना तीन गोष्टी लेखी घ्या: सुट्या सत्राचा भाव, पहिल्या सत्रानंतर थांबलात तर किती परत, आणि तुमची सॅलरी स्लिप व चाचणीचे निकाल कुणाला दाखवले जाणार नाहीत याची हमी. कंपनीनंच दिलेल्या कर्मचारी-सहाय्य योजनेतून समुपदेशन घेत असाल तर तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर पहिल्या कॉलआधीच मिळवा. 'रिफंड नाही, पण सत्रं पुढे कधीही वापरा' असं उत्तर आलं तर वापरायची शेवटची तारीख विचारा.